घरचे साठ चेंडू

५ नोव्हेंबर १९७९, सोमवार
प्रौढ शिक्षणाच्या वर्गातली बाई म्हणे, रोज चार ओळी लिहा, नाहीतर अक्षर विसराल. आज लिहिण्यासारखं आहे. माझा नातू अनंता, वय एकोणीस, विदर्भाच्या टीममध्ये आला. फास्ट बॉलर. १ डिसेंबरले पहिली मॅच. हिंगण्याच्या एका कंपनीनं सांगतलं आहे, एवढी मॅच खेळ, नोकरी पक्की. म्हणजे पोट्ट्याचं सारं नशीब त्या उजव्या खांद्यावर. तो खांदा कोणी घडवला? मी. जन्मला तवा सव्वा महिना तिळाचं तेल जिरवलं. मोहल्ल्यातली साठ-सत्तर पोट्टी या हातांनी चोळून उभी केली, एकही वाकडं नाही. रुपराव सोडून. तो जन्माचाच वाकडा.

पण टीमचे मास्तर चंपतराव म्हणतात, यंदा याले दिवसाला बाराच ओव्हर. तेही दोन मोठे बॉलर थकल्यावर. दोन वर्षं जपून वापरू म्हणे. जपून वापरायले तो काय लग्नातला शालू आहे? उद्यापासून मीच पाहते.

७ नोव्हेंबर, सकाळी
मागच्या अंगणात मुसळ उभं केलं, तेच स्टंप. अनंताले साठ चेंडू टाकायले लावले. वाटीत तुरीचे साठ दाणे. एक चेंडू पडला की एक दाणा दुसऱ्या वाटीत. शंभराच्या आतलं मले सगळं मोजता येते. मुसळ नऊ वेळा पडलं. शेजारच्या इंदूबाईची घागर एकदा फुटली. वेग आहे.

सून सिंधू म्हणे, आत्याबाई, खांदा आहे तो त्याचा, रहाट नव्हे. मी म्हटलं, फिरला नाही तर रहाटही गंजते वं. ती आत निघून गेली. पटलं असंन.

११ नोव्हेंबर, रविवार
ग्राउंडवर गेले. चंपतराव मास्तरले सरळ विचारलं, माझ्या नातवाले तिसरा काहून ठेवता गा? मास्तर हसला. म्हणे, आजी, हुरडा गोड लागते, पण हुरड्याची भाकर होत नाही. ज्वारी पिकू द्या. मी म्हटलं, तुम्ही पाळण्यात होते तवापासून मी हुरडा खाऊन राहिली. मले ज्वारी शिकवू नका. त्यानं मले चहा पाजला. माझ्यापुढं काही चालत नाही हे त्याले समजलं.

अनंताले एक वही दिली आहे. रोज किती चेंडू टाकले ते लिहून मास्तरले दाखवायचं. तो बारा ओव्हरचे बहात्तर लिहिते. मले म्हणे, आजी, तुझे साठ कुठं लिहू? मी म्हटलं, ते घरचे. घरी किती पोळ्या खाल्ल्या ते कोणी हॉटेलवाल्याले सांगते का?

१६ नोव्हेंबर
अनंतानं पाण्याचा लोटा डाव्या हातानं उचलला. मग घासही डाव्या हातानं. मी हातावर चापट मारली. डाव्या हातानं जेवणाऱ्याच्या ताटात लक्ष्मी बसत नाही. म्हणे, उजवा दुखते. दुखणारच. हाड पक्कं होताना दुखते. उद्यापासून नव्वद दाणे.

२२ नोव्हेंबर
अनंता म्हणते, भांग पाडता येत नाही. मी पाडून दिला. छान दिसते.

सिंधू म्हणे, मास्तरले सांगून देऊ. मी शपथ घातली. आज दुखते म्हटलं तर उद्या नाव कापतीन. मास्तरनं विचारलं तर अनंतानं बरं आहे असंच सांगतलं. गुणी पोरगा. माझ्यावर गेला.

आज नव्वदातले चाळीसच झाले. उरलेले उद्यावर टाकले. हयगय नाही.

२८ नोव्हेंबर, बुधवार
तेलानं भागत नाही. आज बिबा घातला. बिबा सुईवर टोचून दिव्यावर धरला की काळं तेल सुटते, त्याचे खांद्यावर सात ठिपके दिले. कळ ओढून घेते. इंदूबाई कुंपणावरून म्हणे, गोपिकाबाई, बिबा उतला तर अंगभर फोड येतात, माहीत आहे न? मी म्हटलं, उतणारं अंग वेगळं असते. आमच्या यांच्या गुडघ्याले मीच लावला होता. महिनाभर घराबाहेर पडले नाही. तेवढाच त्याहिले आराम.

परवा सकाळी खांदा फुलासारखा होईन.

३० नोव्हेंबर
खांदा भोपळ्यासारखा झाला. फोड मानेपर्यंत. एक डोळा बंद. ही सिंधूची चूक, परवा वांग्याची भाजी केली तिनं. तीळ-खोबरं वाटून लावलं. आतलं विष बाहेर येऊन राहिलं, हे चांगलंच आहे. उद्यापर्यंत उतरन.

१ डिसेंबर, शनिवार
उतरलं नाही.

मास्तर रिक्षा घेऊन स्वतः आला. मोठ्या बॉलरपैकी एक तापानं पडला म्हणे, आज अनंताच पहिली ओव्हर टाकणार होता. खाटेवर पाहिलं आणि तिथंच बसला. हात वर कर म्हणे. छातीच्या वर गेला नाही. मास्तर म्हणे, हे बिब्याचं नाही, हे जुनं आहे. वही कुठं? वहीत रोज बहात्तर. तवा अनंता रडला आणि तुरीची वाटी दाखवली. साठ, मग नव्वद, सारं सांगून टाकलं.

मास्तर ओरडला असता तर मी उत्तर देणार होते. तयारच होतं. तो एवढंच म्हणे, आजी, मी याले बाहेरच्यांपासून जपून राहिलो होतो.

रिक्षा रिकामी गेली.

८ डिसेंबर
मोठ्या डॉक्टरनं पाहिलं. आतला स्नायू फाटला म्हणे. जोरात चेंडू आता विसरा. डॉक्टर तरणा आहे, त्याले काय समजते. सहा महिने मी चोळून देईन आणि मास्तर पाया पडत येईन.

कंपनीनं दुसरा पोट्टा घेतला. बातमी आणली इंदूबाईनं. तिले घागरीचा राग आहे.

२ जानेवारी १९८०
अनंता संत्रा मार्केटमध्ये पेट्यांवर नंबर टाकायले जाते. डाव्या हातानं. अक्षर माझ्यासारखं वाकडं येते.

आज सिंधूनं त्या वाटीतली तूर शिजवली. मले विचारलं नाही. अनंता डाव्या हातानं जेवत होता. भात सांडत होता. मी टोकलं नाही. म्हटलं, आण, भरवून देते.

तो म्हणे, आजी, तू फक्त हात लावू नको.

बरं म्हटलं.