जपण्याच्या पाच अटी

शनि., १० जाने. धुळे
जळगावहून सकाळची एसटी, पारोळ्यापर्यंत उभीच. मी घेते त्या शनिवारच्या वर्गाला पाच जण. सगळे एमसीएच्या शेवटच्या वर्षाचे, सगळे घरातले पहिले शिकलेले. माझ्यासारखे.
मंगला आजही फक्त वही घेऊन आली. दिवाळीआधी आम्ही कॉलेजच्या चौघी माजी विद्यार्थिनींनी आपापले जुने लॅपटॉप वाटले, तिला दिलेला कुठे, विचारलं. "घरी राहिला, ताई." मागच्या शनिवारी हेच उत्तर. २३ ला तिच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक, समोर चालवून दाखवायचं. नाही चाललं तर वर्ष गेलं.
तो लॅपटॉप माझाच, पहिला. झाकणाच्या कोपऱ्यावर माझी टिकली अजून असेल.

बुध., १४ जाने. जळगाव
संक्रांत. माझे वडील, आबा, चोपड्याहून लाडू घेऊन आले. टेबलावर वही बघून म्हणाले, "आते बी लिखी राहिनी का?"
मी शिकताना धुळ्याला कॉलेजात लॅबमध्ये दिवसाला एक तास माझी पाळी. उरलेला दिवस आवारातल्या कडुनिंबाखाली प्रोग्राम वहीत लिहायचे. मग पेन्सिलीनं चालवायचे. समासात आकडे मांडत, ओळीमागून ओळ, आपणच यंत्र. आबा केळी भरायला जायचे, तिथल्या खोक्याच्या पुठ्ठ्याची कव्हरं घालून द्यायचे. बाहेर केळ्याचा घड, आत सी प्लस प्लस. मैत्रिणी हसायच्या. आज एक तरी कव्हर जपून ठेवायला हवं होतं असं वाटलं.
आबा गेल्यावर मं.ला मेसेज टाकला. "वापरत नसशील तर शनिवारी परत आण. वर्गातल्या राहुलला हवाय." वाचला तिने.

शनि., १७ जाने. धुळे
मं. आली नाही. राहुल म्हणाला, "ताई, ती गावी गेली. म्हणे, ताईंना काय तोंड दाखवू."
विकला असेल? एवढं लिहिलं आणि माझीच मला लाज वाटली.

रवि., १८ जाने. साक्री
साक्रीहून मं.च्या गावाला जीप, मग पायी. मं.चे वडील, नाना, अंगणात होते. "ये बेटा, बस." मी विषय काढायच्या आत ते उठले, बाजरीच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घातला आणि गाठोडं ओढून काढलं. वर नवं लुगडं, आत प्लास्टिक, त्यात लॅपटॉप.
"देखी ल्या. एक ओरखडा नही. लोकेसनी वस्तू शे."
होस्टेलवर कुणाचा मोबाइल चोरीला गेला, तेव्हापासून तो कोठीत. मं.ची आई चुलीपाशी बसूनच बोलली, "मी रोज म्हनस, ह्या ऐकत नही. पोर कागदवर हात मोडस, आन् मशीन बाजरी खास."
मग नानांनी खिशातून कागद काढला. लॅपटॉपसोबत दिलेला, मीच टाइप केलेला. पाणी लागू देऊ नये. कुणाला देऊ नये. पडू देऊ नये. उघडा टाकू नये. हरवल्यास जबाबदारी कुटुंबाची. पाच अटी, पाचही जपण्याच्या. वापरण्याची एकही नाही. खाली नानांची सही, मोठ्या, सुट्या अक्षरांत. मं. मान खाली घालून म्हणाली, "नाना तीनदा वाचून घेतात माझ्याकडून. चौथीला दरवेळी थांबतात, म्हणतात, उघडूच नको."
आबा आठवले. माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी आईच्या साड्यांत, पेटीच्या तळाशी ठेवलं होतं. पुण्याच्या मुलाखतीला निघाले तरी देईनात. झेरॉक्स ने म्हणाले. तिथे मूळ प्रत मागितली, तशीच परत आले. महिनाभर आबांशी बोलले नव्हते. आणि मीच कागद लिहिला तो असा.
नानांसमोर पेनानं सहावी अट लिहिली. रोज वापरावा. झिजला तरी चालेल.
"झिजी गया ते?"
"झिजू द्या, नाना."
नानांनी लॅपटॉप त्याच लुगड्यात बांधला आणि मं.च्या मांडीवर ठेवला. टिकली आहे अजून.

मंगळ., २० जाने. धुळे
रजा घेतली. मी वहीतून वाचते, मं. टाइप करते. तिचं प्रोजेक्ट: गावच्या एसटीला साक्रीत पुढची गाडी मिळेल का, ते सांगणारं. समासात पेन्सिलीचे आकडे, पानामागून पान. थेट माझ्यासारखे. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणे, "कुणी नाही. यंत्र नव्हतं म्हणून."
पहिल्यांदा चालवलं, चुकांची रांग. बहुतेक टाइप करतानाच्या. वही बरोबर निघते. फक्त परतीची शेवटची गाडी काही केल्या पडद्यावर दिसत नाही.

गुरु., २२ जाने. जळगाव
रजा एकच दिवसाची मिळाली. मं.चा फोन. शेवटची गाडी दिसली! मग म्हणाली, परत गेली. उद्या पुन्हा रजा टाकते. साहेब काय म्हणतील ते म्हणोत.

शुक्र., २३ जाने. धुळे
कॉलेजचा व्हरांडा. मं. आत जाऊन अर्धा तास झाला. वही आत नेऊ देत नाहीत, माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर तिने रात्रीची शेवटची गाडी पेन्सिलीनं पुन्हा एकदा चालवून पाहिलीय. कागदावर ती येते.
नाना पहाटेच निघून आलेत. मांडीवर रिकामं लुगडं, घडी घातलेलं. जाताना बांधायला.
"चालस का ते?" त्यांनी दाराकडे बघत विचारलं.
"सकायपासून दोनदा चालनं, नाना. एकदा नही."
त्यांनी थोडा विचार केला. "आपली एसटी बी तशीच शे."
हसले. मीही. आतून कुणाचा तरी आवाज आला, प्रश्न विचारल्यासारखा. मग कीबोर्डची टकटक.
नानांनी लुगड्याची घडी मोडली, पुन्हा घातली.