डाव्या हाताची भिंत

४ जाने., रविवार
काल आपल्या विहिरीत वाघ पडला, म्हणजे बिबट्या. वनखात्याच्या लोकांनी पिंजरा सोडून दुपारी वर काढला. अख्खं गाव बघायला लोटलं. वाघ गेला, पायऱ्यांवर शंभर चपलांचा चिखल राहिला. आज झाडून काढला.
दत्तू म्हणतो, "आई, जेसीबी बोलवतो न् बुजवून टाकतो. पाइपलाइनचं पाणी हाय की आता."
म्हणलं, "मी पोहते तिच्यात. वस्तीच्या पोरी शिकत्यात."
"उद्या पोरी पाण्यात असताना वाघ पडला म्हंजी?"
पोरगा माझा, पण बोलला ते खोटं नाही. म्हणून जास्तच राग आला.

८ जाने., गुरु.
नात आलीय पुण्याहून, प्राजू. ती एक शर्यत करते. आधी पाऊण किलोमीटर पोहायचं, लगेच वीस किलोमीटर सायकल, लगेच पाच पळायचं. यंदा आपल्याच भागात आहे, धरणाच्या फुगवट्यात. म्हणे, "आज्जी, तू पण कर ना. पोहतेस रोज. सायकल तर वीस वर्षं मारलीस."
मारली. दोन कॅना अडकवून डेअरीला दूध घातलं. नवरा गेल्यावर दुसरं कोण घालणार होतं?
दत्तूला जेवता जेवता हसू आलं, ठसका लागला. पाणी दिलं नाही.
मग म्हणाला (शब्द जसेच्या तसे लिहिते, उद्या फिरेल): "आई, तू ती शर्यत पुरी कर. मी विहिरीला हात लावणार न्हाई. वर जाळी बशिवतो, दरवाज्यासकट."
सूनबाई ऐकत होती. बरं झालं.

१७ जाने., शनि.
प्राजूनं सुतळीनं विहीर मोजली. पंचवीस फेऱ्या म्हणजे पाऊण किलोमीटर. आज फे. २५, मिनिटं २७. पाण्यात असायला ३५ मिनिटं देतात. म्हणजे वर आठ मिनिटं चहाला.
डॉक्टरचा दाखला लागतो. नारायणगावला गेले. डॉक्टर म्हणाला, "आजी, गुडघे?" म्हणलं, "आहेत. दोन."
तपासून सही केली. हसत होता.

२५ जाने., रवि.
सायकलवर खोडदच्या दुर्बिणीच्या तबकड्यांपर्यंत जाऊन आले. रस्त्यात जो तो विचारतो, "मावशी, कुनीकडं?" सांगत बसले असते तर तिथंच दिवस मावळला असता.
पळायचं जमत नाही. जन्मात पळाले ती म्हशीमागं. तेवढ्यावर भागवू.
पोहायचा कपडा आणलाय प्राजूनं. काळा, अंगाला चिकटतो. आरशात बघितलं. बेडूक. पण बेडूक पोहतो चांगला.

१ फेब्रु., रवि.
झाली. हात वर होत नाही. उद्या लिहीन.

२ फेब्रु., सोम.
पाण्यात शे-दीडशे माणसं लाथा झाडत होती. मी बाजूला उभी राहिले, गर्दी जाऊ दिली, मग सुटले. लांब पाण्यावर लाल फुगा, त्याला वळसा मारून परत यायचं. डोकं खाली घातलं न् हात मारत निघाले. दम नाही, भ्या नाही. शंभर हात मोजले, डोकं वर काढलं तर समोर काठ! काठावर प्राजू नाचतेय, "आज्जी, मागं! फुगा मागं आहे!"
वळले. परत शंभर हात. परत काठ, या वेळी चिलारीच्या झुडपाजवळ.
तेव्हा डोक्यात उजेड पडला. पन्नास वर्षं पोहले ती विहिरीचे दगड डाव्या हाताला ठेवून. इथं भिंत लागेना, म्हणून अंग आपलं आपण डावीकडं भिंत शोधत फिरत होतं. एवढ्या मोठ्या धरणात मी विहिरी पाडत होते.
वाचवायला ठेवलेला होडीवाला जवळ आला. दाढीवाला बाप्या. "मावशी, या वर. काठाला सोडतो."
"वर आले की बाद ना?"
"हो."
"मग तू एक कर भाऊ. माझ्या डाव्या हाताला चाल. हात लावायचा नाही, बोलायचं नाही. नुसती भिंत हो."
"काय होऊ?"
"भिंत! चल."
चालला बिचारा. मग मी गेले ती सुतासारखी. फुगा, वळसा, काठ.
काठावर घड्याळवाली बाई. ४३ मिनिटं. म्हणाली, "आजी, वेळ संपली. निकालात नाव धरता येणार नाही. रस्ता अजून मोकळा ठेवलाय, तुमच्या मनानं जायचं तर जा."
म्हणलं, "मग काय, अंग भिजवायला आले होते का?"
सायकलवर दोघांना मागं टाकलं. एक पुण्याचा, चष्म्यावर चष्मा लावलेला. म्हणाला, "काकू, भारी!" म्हणलं, "मागं कॅना नाहीत म्हणून."
पळण्याचं खरं लिहिते. पहिला किलोमीटर पळाले. मग डावा गुडघा बसला. चार किलोमीटर चालले. उन्हानं टाळू तापली. पाणी वाटणारे टेबलं उचलत होते. एक वेळ वाटलं, बसावं बांधावर, प्राजू येईल गाडी घेऊन. मग डोळ्यापुढं जेसीबीचा दात आला. उठायची वेळच आली नाही, कारण बसलेच नाही.
शेवटाला हवा भरलेली कमान असते. तिची हवा सोडली होती, भुईवर पसरली होती. तिच्यावरून चालत गेले. घड्याळवाल्या बाईनं खोक्यातनं पदक काढून गळ्यात घातलं. घेतलं. का नको? अंतर काय दुसऱ्यानं कापलं?

४ फेब्रु., बुध.
दत्तूनं मोबाइलवर यादी काढली. "आई, नाव न्हाई तुझं."
मी वही काढली, ८ जाने. उघडलं, मोठ्यानं वाचलं. "यात वेळेचं कुठं हाय?"
"शर्यत म्हनल्यावर वेळ आलीच की!"
सूनबाई भाकरी थापता थापता बोलली, "तुमी पुरी कर म्हनला व्हता. अर्ध्यातनं रिक्षात बसून न्हाई आल्या त्या."
दत्तूनं मोबाइल खिशात घातला. मग म्हणे, "रविवारचा जेसीबी सांगून ठेवलाय. बघू."
खरं लिहायचं तर निम्मं त्याचंही बरोबर आहे. वेळेत नाही झाली. पण निम्मी विहीर बुजवता येत नाही.

८ फेब्रु., रवि.
सकाळीच जेसीबी बांधावर. ड्रायव्हर चहा मागतोय, सूनबाईला ऐकू जाईना.
मी आधी बॅटरी मारून विहीर बघितली. बेडकं. मग वस्तीच्या पाच पोरी घेऊन उतरले. सांगितलं, आजपासून भिंतीकडनं फिरायचं नाही. या पायरीपासून समोरच्या कोनाड्यापर्यंत, मधनं, सरळ. पहिली गेली ती वाकडी. माघारी बोलावली, परत सोडली.
दत्तू वर येऊन उभा राहिला. "आई, निघ बाहेर. मानूस खोळंबलाय."
"मला पोहायचंय अजून."
"किती?"
"पाऊण किलोमीटर. घड्याळ लाव. पस्तीस मिनिटं."
पोरी पायरीवर सरकल्या. त्यांच्या वरच्या पायरीवर दत्तू बसला. बसला खरा. खिशातनं मोबाइल काढला. घड्याळ लावलं का ड्रायव्हरला फोन, खालून दिसलं नाही.
मी डोकं खाली घातलं.