भाजी निर्दोष आहे

तृप्ती,

आधी रडणं बंद कर. इथं दवाखान्यात तुझ्या सासूबाईंना सलाईन लावलंय, उलट्या थांबल्यात, आणि आता त्या डॉक्टरांनाच औषधं समजावून सांगून राह्यल्यात. म्हणजे धोका टळला.

दुपारी ताटावरून उठताना हिनं तुझ्या वांग्याच्या भाजीकडं बोट दाखवलं. ती भाजी मी दोनदा घेतली आणि बिलकुल ठणठणीत आहे. खरी आरोपी परवाच्या भंडाऱ्यातली खीर. प्रसाद टाकायचा न्हाई, आणि फ्रिजात माझी अंडी, म्हणून हिनं डबा दोन दिवस देवघरात ठेवला. आज सकाळी एकटीनं संपवत आणला. डॉक्टर म्हणाले, असं अन्न काही तासांनी उलटतं. अर्धा गुन्हा माझ्या अंड्यांचा धर.

उरलेली खीर परसात खोल पुरून टाक, डबा उकळत्या पाण्यानं धू, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय काही शिजवू नको. प्यायचं पाणी उकळून ठेव.

खिरीचं तुला सांगायचं न्हाई, अशी शपथ तिनं मला घातली आहे. म्हणून सांगत न्हाई, लिहून धाडतोय. संध्याकाळी मऊ खिचडी तुझ्याच हातची पाहिजे म्हणाली. तेही सांगायचं नव्हतं.

तुझे मामंजी