उष्टी हळद

सांगली, १४ मार्च १९६६

ती. सौ. आक्काताईस धाकट्या मानसिंगचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या कानावर आलं ते खरं आहे. कॉलेज सोडलं, हळदीच्या अडतीवर लागलो. परत जाणार न्हाई, तेव्हा समजावत बसू नकोस. आंघोळ केली तरी मान पिवळीच राहते. खानावळवाला रोज विचारतो, वरात कवा निघायची. निघंल म्हणतो.

तुझ्या मुरगळलेल्या पायासाठी आंबेहळद पाठवतोय. उगाळून, कोमट करून लाव. वेगळ्या पुडीतली हळद तुझ्या शेजारच्या विजयमालेला दे. दुधाच्या सायीत कालवून हनुवटीवरच्या मुरमांना लावायची. मुरमं न्हाई गेली तरी माझं काही म्हणणं नाही, हेही सांग. साताऱ्याला आबांना कळलं तर कळू दे. बाप पेन्शनीत निघाला तरी हुकूम सोडत न्हाई.

रागव, पण माया आखडू नकोस.
तुझा मानसिंग

उंब्रज, २० एप्रिल १९६६

चि. मानसिंग यास आक्काताईचा अ. उ. आ.

लेपानं सूज निम्मी उतरली, ठणका आहे. पुडी दिली. विजयमालेनं वास घेतला आणि विचारलं, त्याच्या हातालाबी असाच वास येतो का. मला काय ठाऊक, म्हटलं.

आता मन घट्ट कर. तिचं लग्न ठरलं. मुलगा साताऱ्याचा, पलटणीत नायक. दोन मेला अक्षता. मी तिच्या वडलांकडं, नानासोंकडं, तुझ्यासाठी शब्द टाकला होता. ते म्हणाले, ज्यानं कॉलेज अर्ध्यात सोडलं तो माझी पोरगी कुठवर नेणार. लग्नाला यायचं तर आहेर घेऊन ये, काठी घेऊन नको.

जेवणाखाण्याकडं बघ, आमची आठवण ठेव.
आक्काताई

सांगली, २४ एप्रिल १९६६

ती. सौ. आक्काताईस शि. सा. न.

आहेर नाही आणि काठीही नाही. मी रीत पाळतोय.

काल हळकुंडं निवडून स्वतः दळली. नाथाजी हमालाला म्हटलं, लाव मला. त्यानं विचारलं, गड्या, नवरी कुठाय? उंब्रजला, म्हटलं. मग त्यानं मला रिकाम्या पोत्यावर बसवून रीतसर हळद लावली. बाकीच्या हमालांनी गाणी म्हटली. आवाज म्हशींचे, पण मनापासून.

नवऱ्याच्या अंगाची उरलेली हळद नवरीला जाते. माझी या डब्यात आहे. त्या नायकाची यायच्या आत तिला पोचली पाहिजे. तिला नको असंल तर तिनं कृष्णेत टाकावी. मी पुन्हा उंब्रजला तोंड दाखवणार न्हाई. पण नको हे तिनं म्हणायचं, नानासोंनी न्हाई.

एवढं कर, मग जन्मभर शिव्या दे.
मानसिंग

उंब्रज, २९ एप्रिल १९६६

चि. मानसिंग यास अ. उ. आ.

हे पत्र माझा दीर गुंडा हातोहात आणतोय. उभ्या उभ्या वाच.

डबा बघून तुझा इतका राग आला की त्यात मीठ घातलं, कोमट केलं आणि माझ्या पायाला थापलं. औषध आहे, औषधाला जाऊ दे म्हटलं. तेवढ्यात विजयमाला ताक न्यायला आली. डब्यात काय आहे विचारलं. मला खोटं बोलता आलं नाही. तिनं तळाशी राहिलेली बोटानं निपटून गालाला, हनुवटीला लावली. मिठानं मुरमं चुरचुरली, डोळ्यांतून पाणी आलं, पण पुसलं न्हाई. तशीच भर दुपारी रस्त्यानं घरी गेली.

तिच्या आईनं, बनुबाईनं, कुणाची हळद ही विचारलं. तिनं तुझं नाव घेतलं, तेही सगळ्या बायकांत. पाणी ओतायला गेल्या तर भिंतीला पाठ लावून बसली. एकाची उष्टी हळद अंगाला लागली, आता दुसऱ्याची लागायची न्हाई म्हणते. नानासो ओट्यावर आहेत, जेवले नाहीत. नायकाकडं निरोप गेलेला नाही.

तिनं तुला सांगितलंय, कॉलेज सोडलं तसं हे अर्ध्यात सोडलंस तर मी स्वतः साबणानं तोंड धुवीन आणि दोन तारखेला नायकापुढं उभी राहीन.

उद्या पहाटेची गाडी धर. उंब्रजला गाडी थांबेल तेव्हा उतरू नकोस, खिडकीतून बघूसुद्धा नकोस. आधी साताऱ्याला जा, आबांच्या पायावर डोकं ठेव, त्यांना घेऊन माघारी ये. दिवसाउजेडी, पुढच्या दारानं.

तुझी वाट बघणारी,
आक्काताई