थांबलं तरी चालेल

६ मार्च

सोमवारी सकाळी काय केलं, ते इथे तरी खरं लिहितो. औषधांची खोकी दुकानोदुकानी पोचवायची, नकाशा सतत चालू — दुपारीच फोनची बॅटरी मान टाकते. गाडी काढण्याआधी पोरगी फोन घेऊन बसली. म्हणाली, "बाबा, प्रत्येक मेसेजला हा दचकून उठतो. जे थांबलं तरी चालेल ते साठवू दे, तासाभराने एकदम घेईल. बोला, कोण थांबेल?"

कंपनीचे? नको. रोजची प्रार्थना येते ती? छे! ताईचे? मी हसलो. "ती फुलंच पाठवते. थांबू दे तिला."

"आत्या चिडेल हं!"

बॅटरी रात्रीपर्यंत पुरली. खूश झालो होतो मी!

काल ताईचे मेसेज एकदम आले. सुप्रभातचं फूल. मग "चक्कर येतेय, येतोस का". मग नुसतं "अरे?" तोवर ती न्हाणीघरात पडली होती. मांडीचं हाड मोडलं. तिने लिहिलं तेव्हा मी तिच्याच गल्लीच्या तोंडाशी खोकी उतरवत होतो.

फोन का नाही केला? मीच खेकसलो होतो — गाडीवर असताना फोन नको, मेसेज टाक.

७ मार्च

दवाखान्यात ताईने विचारलं, "मेसेज नाही का रे मिळाला?"

"बॅटरी संपली होती."

जीभ कशी झडली नाही! वर तीच शेजारच्या खाटेवरच्या बाईंना सांगत होती, "भावाची चूक नाही हो. यंत्रच ते."

८ मार्च

प्रार्थनेला बसलो. शब्द तोंडातच घोळले.

१० मार्च

आता काहीच अडवलेलं नाही, सगळं काढून टाकलं. तरी ताईचं फूल नाही. विचारलं तर म्हणते, "तुझी बॅटरी खातात ना मेली! बंद केली." आईमागे हिने मला वाढवलं. गावच्या शाळेत मी पाटी विसरलो की धापा टाकत आणून द्यायची. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोरगी म्हणते, "कशाला सांगता? उगाच दुखावेल." पण घरी गेल्यावर पुन्हा चक्कर आली, तर ताई माझी बॅटरी वाचवत पडून राहील! माझ्या थापेपायी.

१२ मार्च

सांगितलं. "बॅटरी होती, ताई. तुला मीच मागे ठेवलं होतं."

तिने माझ्या हातातला हात काढून घेतला. भिंतीकडे तोंड फिरवलं. "जा तू," म्हणाली.

गेलो नाही.