डोक्यावर रेघ असलेले शब्द

माझ्या लाडक्या आईला लिउटगार्डचा मठातून गळामिठीसह नमस्कार.

आई, मला वाचता आलं! पाद्रीबाबा, तिला हे पत्र तुम्हीच वाचून दाखवताय, तर हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

इथे जेवताना कुणी बोलायचं नाही. एकीने उभं राहून लॅटिन पोथी वाचायची आणि चुकली की तिथेच सगळ्यांसमोर गुडघे टेकायचे. माझे गुडघे आता बरे आहेत, काळजी करू नकोस.

पण पोथीत शब्द पूर्ण लिहिलेलेच नसतात गं! पानं मेंढीच्या कातड्याची आणि कातडं महाग, म्हणून मधली अक्षरं गाळतात आणि शब्दाच्या डोक्यावर आडवी रेघ ओढतात. बाबांना सांग, त्यांच्या मेंढ्या वाचवायलाच हा सगळा खटाटोप! मी अगदी रडकुंडीला आले, तेव्हा म्हाताऱ्या सिस्टर ओडा म्हणाल्या, "अगं वेडे, घाई कसली? रेघ दिसली की थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, इथं काय गाळलंय?"

काल मी अख्खं पान न अडखळता वाचलं! ओडांना राहवेना. "शाब्बास गं पोरी!" असं त्या भर जेवणात ओरडल्या, आणि बोलल्याबद्दल त्यांनाच गुडघे टेकावे लागले. हसत हसत टेकले.

तुझं पत्र मिळालं. कोकरं, चीज, शेजारणीचं लग्न, सगळं कळलं. बाबांच्या खोकल्याबद्दल मात्र त्यात काहीच नाही. आई, तिथली रेघ मला दिसली.

हे पत्र मी एकही अक्षर न गाळता लिहिलंय. तूही पाद्रीबाबांकडून तसंच लिहून घे.

तुझीच,
लिउटगार्ड