चिमणी हिरवी होणार नाही

दि. १२ मार्च

चि. बाळ्या,

अनेक आशीर्वाद. ऑफिसात तुला सगळे साहेब म्हणतात, पण पत्रात मी बाळ्याच म्हणणार. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, दवाखान्याचं छप्पर गळतं, आणि तू बदलून देणार होतास तो वजनकाटा अजून तुझ्या कृपेची वाट बघतोय. तुझी धाकटी चालायला लागली म्हणे. पडली तर लगेच उचलू नका, उठेल तिची ती.

तुझं पत्र मिळालं. बाकीच्या दवाखान्यांत मुलं सुधारतात, तुझ्याकडचीच का नाही, असं विचारलंस. वर पुढच्या आठवड्यात देणग्या देणारे पाहुणे आणतोयस आणि ‘एखादं गुटगुटीत पोर तयार ठेव’ म्हणतोस. वाचून शिसारी आली मला. पोर म्हणजे काय पाहुण्यांपुढे ठेवायचा चहा आहे का?

आपली रंगीत पट्टी पोराच्या दंडाला गुंडाळायची. दंड बारीक निघून लाल रंग आला की घरी खाऊची पाकिटं द्यायची, दंड भरून हिरवा आला की बंद. नियम तुझाच. वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईची पोरगी, आपली चिमणी, मागे एकदा हिरवी झाली, आठवतं? तू तिला मांडीवर घेऊन फोटो काढलास, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मग तुम्ही आत जेवायला बसलात. पोरगी दारात उभी राहून तुमच्या ताटांकडे बघत होती. तिची पाकिटं त्याच दिवशी बंद झाली. महिनाभरात ती परत लाल.

पाकिटं पुन्हा चालू केली, दंड भरायला लागला. आणि पुढच्या मोजणीला बघते तर पोरीने मान टाकलेली. आईला विचारलं तर म्हणते, “कालपासून काही दिलं नाही.” माझं डोकंच फिरलं. चारचौघींत तिला वाट्टेल ते बोलले. आई आहेस की कोण, म्हणाले.

ती शांतपणे म्हणाली, “बाई, हिरवी झाली की तुम्ही तिच्या तोंडचा घास काढता. मग मी तिला हिरवी होऊ कशी देऊ?”

रांगेतल्या बाकीच्या बायांनी माना खाली घातल्या. तेव्हा कळलं, सगळ्याच हे करत होत्या. मोजणीच्या आधी पोरं उपाशी ठेवायच्या, म्हणजे नंतर महिनाभर घरात काहीतरी येईल. आणि आपण त्यांनाच हात धुवायचे धडे देत होतो.

इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नव्हती. आधी त्या बाईचीच आली, खोटं कशाला बोलू. मग त्या पट्टीची. रागावू नकोस, पण तुझीही आली.

कधीपासून इकडचं तिकडचं लिहितेय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तर ऐक. पट्टी जरा आवळून ओढली की दंड बारीक भरतो. त्या दिवसापासून मी आवळूनच ओढते. बायांना सांगून टाकलंय, पोरांना पोटभर जेवू घालून आणा, रंगाचं मी बघते. चिमणी काल आली ती खिदळतच. माझ्या केसातली पिन ओढून पळाली. कागदावर ती लाल आहे आणि लालच राहणार.

तू बाळसं धरलंस म्हणून आईने तुझी वाटी उचलून ठेवली नव्हती. नियम बदल. पोर सावरलं तरी घरची चूल नीट पेटेपर्यंत पाकिटं चालू ठेव. तोवर पाहुण्यांना दाखवायला माझ्याकडे एकही पोर नाही.

खोटी मोजणी केली म्हणून तुला मला कामावरून काढावं लागेल, ते मी समजून आहे. काढ. फक्त ते पत्र कारकुनाकडून लिहून घेऊ नकोस. तुझ्या हाताने लिही, आणि कारणही खरं लिही, की हिने पोरांना जेवू दिलं.

तुझा हात धरून तुला पहिलं अक्षर गिरवायला लावणारी,
ताई